मागच्या चाकाचें गाऱ्हाणें

आमच्या चिरंजीवांच्या पिकअप गाडीला गेल्या माघ महिन्यांत गाणें सुचूं लागलें. आरंभीं तें चाळिसांच्या पुढच्या वेगालाच ऐकूं येई, आणि तेंही रिकाम्या रस्त्यावर. पुढें पंधरा दिवसांत त्या स्वराचा असा लौकिक झाला, कीं गाडी गल्लीच्या तोंडाशीं आली म्हणजे आमच्या सौभाग्यवती चहाचें आधण ठेवीत. टायर झिजला आहे, असें आमचें मत होतें. बेअरिंग गेलें आहे, असें चिरंजीवांचें मत होतें. मतभेद आमच्या घरांत नवा नव्हता. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला रामराम ठोकून त्यांनीं कर्जानें ही गाडी घेतली, तेव्हांपासून आम्हीं तींत पाऊल ठेवलें नव्हतें. आणि त्यांनींही कधीं 'बसा' म्हटलें नव्हतें.

निवाडा चाकानेंच केला. मागची डावी बाजू जॅकवर चढवून चिरंजीवांनीं चाक वर आणि खालीं धरून हालविलें, तों आंतून 'टक्' असा आवाज आला. चाकाच्या आंतल्या अंगास तेलाचे काळे ओघळ उतरले होते. बेअरिंग तर गेलेंच होतें. पण शेजारचें सीलही फुटून नव्वद नंबरचें तेल ब्रेकच्या ड्रमांत शिरलें होतें. दिवस द्राक्षांचे. सायंकाळीं तासगांवच्या बाजूस माल भरावयाचा, रात्रीं बोरघाट उतरावयाचा आणि उजाडण्यापूर्वीं वाशीचा बाजार गांठावयाचा, हा चिरंजीवांचा नित्यक्रम. तेलानें भिजलेला ब्रेक घेऊन भरली गाडी घाट उतरणें म्हणजे काय, हें आमच्यासारख्या गणिताच्या मास्तरासही निराळें समजावून द्यावें लागलें नाहीं. गॅरेजवाल्यानें चार दिवसांचा वायदा केला. बागाईतदार चार दिवस थांबत नाहीं. तो दुसरी गाडी पाहतो. तेव्हां काम घरींच, अंगणांतल्या चिंचेखालीं करावयाचें ठरलें आणि मदतनीस म्हणून आम्हांला बोलावणें आलें. अर्थात् दुसरें कोणी मिळालें नाहीं म्हणून.

आमच्या लहानपणींच्या बैलगाडीचा आंस जागचा हालत नसे. चाक त्याच्याभोंवतीं फिरे, आणि गाडीखालीं लोंबणाऱ्या नळकांड्यांतलें वंगण चोपडलें कीं सारें शास्त्र संपे. आंसाच्या घर्षणावर गोळ्यांचा उपाय वेल्समधील फिलिप व्हॉन यानें १७९४ सालीं शोधून त्याचें पेटंट घेतलें होतें. पण आमच्या गांवच्या सुताराला त्याची वार्ता नव्हती, आणि त्यावांचून त्याचें कांहीं अडलेंही नाहीं. या पिकअपचा आंस मात्र स्वतःच फिरतो. मधल्या डिफरन्शियलमधून दोन बाजूंस दोन दांडे निघतात. प्रत्येक दांडा आपलें चाक फिरवितो आणि गाडीचें ओझेंही पेलतो. बाहेरच्या टोकाशीं त्याला सांवरणारें बेअरिंग एकच, आणि त्या बेअरिंगाला दांड्यावर जखडून ठेवणारें एक पोलादी कडें. तेंही नुसतें दाबून बसविलेलें. हें कडें सरकलें तर चाक एकटें निसटत नाहीं, आंसासकट बाहेर येतें. चिरंजीवांनीं हें सांगितलें तेव्हां आम्हीं विषय बदलला.

पुढच्या चाकांना धोंडे लावले. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतांनाच सैल केले, नाहींतर चाकच पान्याबरोबर फिरतें. जॅकवर विश्वासून गाडीखालीं जाऊं नये म्हणून आंसाच्या नळीखालीं लोखंडी घोडी दिली. हॅण्डब्रेक सोडूनही ड्रम हटेना. त्याच्या कडेवर चौफेर हातोडी वाजविल्यावर तो निघाला. आंसाच्या चकतीला एक भोंक असतें. चकती फिरवीत त्यांतून पाना घालून पाठीमागचे चार नट एकामागून एक काढले. मग चिरंजीवांनीं तोच ड्रम उलटा करून चकतीवर सैलसर अडकविला आणि त्याचाच घणासारखा हिसका देत आंस बाहेर ओढला. ही युक्ति पाहून आमच्या तोंडून 'वा!' निघून गेलें. फार वर्षांनीं निघालें असावें, कारण चिरंजीव क्षणभर थांबले.

बेअरिंगाचें आंतलें कडें आंसावरच फिरून त्याची बैठक झिजली होती. नखालाही खांच लागे. म्हणजे आंसही नवा हवा. सांगलीच्या दुकानांत नव्या आंसाच्या टोकाचे दांते मोजण्याचें काम आमच्याकडे आलें आणि तें आम्हीं तीनदां मोजून चोख बजावलें. लांबीही जुन्याशीं ताडून घेतली, कारण या गाडीचे डावे-उजवे आंस सारखे नसतात. घरीं आल्यावर चिरंजीवांनीं जुन्या आंसावरचें पोलादी कडें कटरनें अर्धवट कापलें, छिन्नीच्या एका घावांत फोडलें आणि बेअरिंग उतरविलें. कारण त्याच्या मागें चार भोंकांची एक तबकडी अडकलेली होती आणि ती नव्या आंसावर चढवावयाची होती. हें सर्व आम्हांदेखत झालें, हें येथें मुद्दाम नमूद करतों.

चिरंजीवांना बागाईतदाराची समजूत घालावयास जाणें भाग होतें. आंस, बेअरिंग, कडें आणि तबकडी घेऊन आम्ही एकटेच लेथवाल्याकडे गेलों. निघतांना ते क्रम सांगूं लागले. आम्हीं हातानेंच 'समजलें' म्हटलें. लेथवाला आमचा जुना विद्यार्थी. प्रेसखालीं आंस उभा करून त्यानें विचारलें, "सर, ही तबकडी आधीं घालायची ना?" आम्हीं वर्गांत ज्या आवाजांत उत्तर देत असूं त्याच आवाजांत म्हणालों, "नंतर." तो कांहींसा घुटमळला, पण भूमितीच्या तासाला त्यानें आमच्या हातचा मार खाल्लेला होता. त्यानें बेअरिंग दाबून बसविलें, वर कडें बसविलें. काम सुरेख झालें होतें.

तबकडीचें भोंक बेअरिंगाहून लहान आणि दुसऱ्या टोकाला चकती. ती तबकडी आतां कोणत्याही बाजूनें चढणें शक्य नव्हतें. हें सिद्ध करण्यास प्रमेयाची गरज नाहीं. अंगणांत तबकडी हातांत घेऊन उभे राहिलों तेव्हां आम्हांला तें आपोआप दिसलें.

चिरंजीवांनीं आंसाकडे पाहिलें, तबकडीकडे पाहिलें. सातवींत असतांना कंस चुकीच्या जागीं घातल्याबद्दल आम्हीं यांची वही भिंतीवर भिरकावली होती. ते म्हणाले, "असूं द्या, अण्णा. पहिल्या खेपेला माझ्याकडूनही असेंच झालें होतें." त्या रात्रीचा माल दुसऱ्या गाडीनें गेला. सकाळीं कोरें कडें आणि कोरें बेअरिंग कापून काढलें, दुसरी जोडी आणली, आणि या वेळीं तबकडी आम्हीं आपल्या हातानें आधीं घातली. लेथवाल्याकडून जातां जातां कळलें, कीं चिरंजीवांनीं हें काम पूर्वीं कधींच केलें नव्हतें. आदल्या आठवड्यांत येऊन त्यालाच तें सारें विचारून गेले होते.

नवें सील आणि नवे ब्रेक-शू लागले, ड्रम धुऊन कोरडा झाला. सीलच्या ओठाला धक्का लागूं नये म्हणून आंस दोघांनीं उचलून धरीत आंत सरकविला. दांते लागेपर्यंत चिरंजीव तो फिरवीत राहिले आणि आम्ही बॅटरी धरून होतों. तेल भोंकाच्या कांठापर्यंत भरलें. चाक हातानें फिरवून पाहिलें; कांहीं ऐकूं आलें नाहीं.

"बसतां का?" चिरंजीव म्हणाले.

चार-पांच मैलांवर गाडी उभी करून ते मागें गेले आणि ड्रमवर हात ठेवून आम्हांलाही ठेवावयास सांगितला. कोमट होता, उजव्या बाजूइतकाच. परतावयास हरकत नव्हती. पण तासगांव जवळच होतें, म्हणून तेथपर्यंत जाऊन आलों.