चेट्टिनाडचे वाडे : हौस मोठी, निभावणारे हात थोडे

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण आपल्याकडे घराघरात ठाऊक आहे. बांधलेले घर हौसेने सजवल्यावर पुढे काय होते, हे मात्र त्या म्हणीत सांगितलेले नाही. ते ज्यांना पाहायचे असेल, त्यांनी तमिळनाडूतील कारैकुडीला एकदा जरूर उतरावे.

रामेश्वरला जाणारी कितीतरी मराठी कुटुंबे तिरुचिरापल्लीहून रेल्वेने पुढे निघतात. पुदुकोट्टै मागे पडले की कारैकुडीचे स्टेशन येते. गाडी थोडा वेळ थांबते, कॉफीवाला खिडकीशी येऊन जातो आणि गाडी पुढे निघते. लाल माती, वेड्या बाभळी आणि उन्हाळ्यात आटणारी तळी, एवढेच खिडकीतून दिसते. पण याच कोरड्या मुलखात पाऊणशे गावांचा चेट्टिनाड पसरलेला आहे आणि त्या गावांत राजवाड्यांना लाजवतील अशी हजारो घरे उभी आहेत.

नाशिकचे एक जोडपे यंदा रामेश्वरच्या वाटेवर मुद्दाम येथे दोन दिवस थांबले. नव्या फ्लॅटचा ताबा दोन महिन्यांवर आला होता. बिल्डरने दिलेला नकाशा घडी करून बाईंच्या पर्समध्ये होता आणि त्यावर पेन्सिलीने खुणा केलेल्या होत्या. कुठे झुंबर, कुठे नक्षीचे दार, कुठे भिंतभर आरसा. चेट्टिनाडची जुनी नक्षीदार दारे विकत मिळतात, हे त्यांनी ऐकले होते.

एका रस्त्यावरून दुसऱ्या रस्त्यापर्यंत

कारैकुडीपासून सुमारे पंधरा किलोमीटरवर कानाडुकात्तान हे गाव आहे. राजा अण्णामलै चेट्टियार यांचा १९१२ सालचा राजवाडा येथेच आहे. गावातले रस्ते सरळ आखलेले आहेत. वाडा एका रस्त्यावर सुरू होतो आणि मागच्या रस्त्यावर संपतो. पुढच्या दारात उभे राहिले की चौकामागून चौक ओलांडत नजर थेट मागच्या दारापर्यंत जाते. दारावर चुन्यात घडवलेली गजलक्ष्मी, तर वरच्या कठड्यावर टोपी घातलेले गोरे शिपाई. दोघेही मिळून एकाच घराची राखण करताना दिसतात.

आत शिरताना प्रथम लागते ती ‘तिन्नै’, म्हणजे आपला ओटा. त्यापुढे पाहुण्यांचा दिवाणखाना, मग मोठा चौक आणि त्याच्या चारही बाजूंना ओळीने खोल्या. लग्न झालेल्या प्रत्येक मुलाला यातली एक खोली मिळे. सुनेने माहेराहून आणलेली भांडीकुंडी त्या खोलीत राहत. एका छताखाली राहूनही प्रत्येक जोडप्याची चूल वेगळी असे. पुण्या-साताऱ्याचे जुने वाडे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हा चौक ओळखीचा वाटेल. पण येथील आकार पाहून डोळे विस्फारतात.

रखवालदाराने किल्ल्यांचा जुडगा दाखवला. मालक चेन्नईला असतात. रोज झाडले जातात ते पुढचा ओटा आणि एक चौक. बाकीच्या खोल्या घरात लग्नकार्य निघाले की उघडतात. दिवाणखान्यात उंच बेल्जियन आरसे समोरासमोर टांगलेले होते. त्यांचा पारा जागोजाग उडून काळे डाग पडले होते. झुंबर कापडात बांधून ठेवलेले होते.

“कापड काढलं की पुसावं लागतं,” असे रखवालदाराने खुणेनेच सांगितले.

पैसा आला, हौस आली

ही घरे बांधणारे नाट्टुकोट्टै चेट्टियार म्हणजे सावकारी आणि व्यापार करणारा समाज. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांच्या पेढ्या ब्रह्मदेश, सिलोन आणि मलायात पसरल्या. घरातला पुरुष तीन-तीन वर्षे परदेशी पेढीवर असे आणि मागे घरदार बायका सांभाळीत. परदेशातून पैसा येई, तसे सामानही येई. ब्रह्मदेशातून सागाचे खांब आले, सिलोनहून सॅटिनवुड आले, इटलीचा संगमरवर आला. इंग्लंडहून लोखंडी तुळया, बेल्जियमहून आरसे, जपानहून चकचकीत टाइल्स, युरोपातून एनॅमलची रंगीत भांडी आली.

यातले बरेचसे सामान रोजच्या वापरासाठी नव्हतेच. लग्नात सगळे गाव जेवायला येणार, त्याने पाहावे म्हणून ते होते. शेजारच्या वाड्यात दोन झुंबरे लागली की आपल्याकडे तीन हवीत, ही चढाओढ आपल्या सोसायट्यांमध्येही काही अनोळखी नाही.

पण त्याच घरांत काही गोष्टी शुद्ध सोयीच्या होत्या. चौकाभोवतीच्या उतरत्या छपरांवरून पावसाचे पाणी आत येई. ते भांड्यांत भरून घेत आणि उरलेले मोरीतून गावाच्या तळ्यात जाई. जाड भिंतींना चुन्याचा गिलावा असे. त्यात अंड्याचा पांढरा बलक घालून तो इतका घोटत, की शंभर वर्षांनंतर आजही हात लावला तर भिंत काचेसारखी गुळगुळीत आणि गार लागते. जमिनीला जवळच्या आत्तंगुडी गावात हाताने केलेली रंगीत फरशी असे.

पहिला पश्चात्ताप विकत घेतल्याचा

मार्च १९४२ मध्ये जपानी फौजांनी रंगून घेतले आणि पेढ्या टाकून माणसे परतली. १९४८ मध्ये स्वतंत्र ब्रह्मदेशाने शेतजमिनी सरकारजमा करण्याचा कायदा केला. १९६२ च्या लष्करी सत्तांतरानंतर दुकाने आणि पेढ्याही गेल्या. उत्पन्न आटले, पण घर तेवढेच राहिले. कौले दरवर्षी चाळायला हवीत, लाकडाला वाळवीपासून जपायला हवे, पितळ घासायला हवे. पूर्वी या कामाला नोकरांची फौज होती. आता मुले शिकून चेन्नई, सिंगापूर, अमेरिकेला गेली. दर पिढीला वारस वाढले. एक कौल बदलायचे तरी खर्च कोणी करायचा, यावर भावाभावांत पत्रव्यवहार सुरू झाले.

ज्या वस्तूंवर सर्वांत जास्त पैसा ओतला, त्याच वस्तू सर्वांत आधी जड झाल्या. आरसा फुटला तर तसा दुसरा मिळत नाही. झुंबराचा लोलक हरवला तर जोडीचा सापडत नाही. ज्यांचा दुरुस्ती करणारा कारागीर हजारो मैलांवर आहे, अशा वस्तू घरात आणल्याचे दुःख नातवंडांच्या वाट्याला आले.

दुसरा पश्चात्ताप विकून टाकल्याचा

कारैकुडीत मुनीश्वरन कोविल रस्त्यावर जुन्या सामानाची दुकाने ओळीने आहेत. पितळी समया, लाकडी पेट्या, देवादिकांच्या तसबिरी, खांब, दारे आणि एनॅमलची भांडी छपरापर्यंत रचलेली असतात. मोडलेल्या वाड्यांचे सामान वर्षानुवर्षे येथेच येऊन पडले.

नाशिकच्या बाईंना येथे हवे तसे दार सापडले. चौकटीवर वेलबुट्टी, मधोमध लक्ष्मी, दोन्ही बाजूंना पोपट. त्यांनी वीतेने रुंदी मोजली, दुकानदाराकडून टेप मागून उंची मोजली आणि पर्समधला नकाशा उघडला. वरच्या नक्षीसकट चौकट नऊ फुटांच्या पुढे गेली. फ्लॅटमध्ये दारासाठी सोडलेली जागा सात फुटांची होती.

“अहो, वरची नक्षी कापून घेतली तर?”

“अगं, मग उरलं काय? इतक्या लांबून नुसती फळी न्यायची?”

“उभं करू भिंतीला टेकून. शोभेला.”

“आणि धूळ कोण पुसणार? त्या पोपटांच्या चोचीत फडकं तरी जातंय का बघ.”

बाईंनी खरोखरच पदराचे टोक नक्षीत घालून पाहिले. ते काळे होऊन बाहेर आले. त्या काही बोलल्या नाहीत, पण दाराची किंमतही त्यांनी पुन्हा विचारली नाही.

शहरातल्या घरांत अशी दारे आणि खांब हौसेने नेले जातात. पुढे उंबरठ्याला आजी अडखळतात, चौकट पावसाळ्यात फुगते, जुन्या लाकडातली वाळवी नव्या कपाटात शिरते, आणि दोन वर्षांत ते दार गच्चीवर जाऊन पडते. ज्यांनी ते विकले त्यांचे नुकसान तर याहून मोठे आहे. समई विकली तर ती कोनाड्यातून जाते. पण खांब विकला तर त्याच्यावरचे छप्परही जाते. एक चौक उघडा पडला की पाऊस शेजारच्या भिंतीत उतरतो. असे अर्धे उरलेले वाडे चेट्टिनाडच्या गावागावात दिसतात.

काहींनी वाडा विकला नाही, पण ‘नवा’ केला. चुन्याच्या भिंतीला सिमेंटची ठिगळे लावली आणि वरून ऑइल पेंट मारला. चुना ओल शोषतो आणि सोडतो. सिमेंट आणि तेलरंग ती आत कोंडून धरतात. त्यामुळे काही पावसाळ्यांत पोपडे धरून भिंत सुटू लागली. जो गिलावा शंभर वर्षे टिकला, तो दुरुस्तीने गेला.

आत्तंगुडीची फरशी

दुसऱ्या दिवशी आत्तंगुडी. येथील एक मोठा वाडा तिकीट काढून पाहता येतो आणि गावात फरशीचे कारखाने आहेत. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड आणि ओळीने बसलेले कारागीर. यंत्र नाही, भट्टीही नाही. लोखंडी चौकटीत काचेचा तुकडा ठेवतात. त्यावर नक्षीचा साचा. साच्याच्या प्रत्येक कप्प्यात पळीने वेगवेगळ्या रंगाचा सिमेंटचा घोळ ओततात. साचा अलगद उचलला की रंग आपापल्या जागी थबकतात. वरून कोरडे सिमेंट आणि वाळू, मग ओला माल, आणि थापीने सपाट. फरशी घट्ट झाली की काही दिवस पाण्यात बुडवून ठेवतात. पुढे काच सुटते आणि खालचा चकचकीत रंग दिसतो. ती चमक काचेची असते.

इटलीच्या संगमरवराला मान होता, तेव्हा ही फरशी गावची आणि स्वस्त म्हणून ओळखली जाई. मधल्या काळात काहींनी ती उखडून बाजारातल्या चकचकीत टाइल्स बसवल्या. आज वास्तुरचनाकार शहरांतून याच फरशीसाठी आत्तंगुडीला येतात. २०१४ साली भारताने चेट्टिनाडची गावे युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या संभाव्य यादीत नोंदवली आणि कित्येक वाडे हॉटेले म्हणून पुन्हा उघडले. तिथे पाहुणे अनवाणी चालतात ते याच फरशीवर.

ही फरशीही डोळे झाकून घ्यावी अशी नाही, हे कारागीरच सांगतात. ती सिमेंटची असल्याने लिंबू, चिंच, आम्ल घातलेले फिनेल यांनी तिचा रंग मरतो. स्वयंपाकघरात ती लावू नये. तिला मोझॅकसारखे मशीनने घासू नये, कारण नक्षीचा थर पातळ असतो आणि घासताना तोच निघून जातो. सुरुवातीला खोबरेल तेलाचे फडके फिरवावे, पुढे रोज साध्या पाण्याने पुसावी. जितके पाय पडतील आणि जितके फडके फिरेल, तितकी ती उजळते. बंद खोलीत मात्र ती मलूल होते.

घेण्याआधी तीन प्रश्न

चेट्टिनाडच्या वाड्यांनी मोठी किंमत मोजून जे शिकवले, ते दोन खोल्यांच्या फ्लॅटलाही लागू पडते. कोणतीही वस्तू घेण्याआधी तीन प्रश्न विचारावेत.

पहिला, ही रोज कोण पुसणार? घर सजवताना आपण येणाऱ्या पाहुण्याचा विचार करतो, झाडणाऱ्या हातांचा नाही. ते हात बहुतेक वेळा घरातल्या बाईचेच असतात.

दुसरा, बिघडली तर दुरुस्त करणारा आपल्या गावात आहे का? नसेल, तर ती वस्तू आज देखणी असली तरी उद्याची अडगळ आहे.

तिसरा, आपल्या हवेला ती मानवेल का? खोल नक्षीत धूळ बसते, भिंतभर काचेने खोली तापते, खाली उतरवलेल्या छतामुळे आधीच कमी असलेली उंची आणखी कमी होते.

हौस करूच नये, असा याचा अर्थ नाही. चौक, चुना आणि गावची फरशी हीदेखील त्या माणसांची हौसच होती. पण ती राहणाऱ्यांच्या उपयोगी पडणारी होती, म्हणून टिकली.

चेट्टिनाड पाहायला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने बरे. तिरुचिरापल्ली किंवा मदुरैहून कारैकुडी साधारण नव्वद किलोमीटर आहे. दोन दिवस पुरतात.

नाशिकच्या जोडप्याने बाहेरच्या खोलीपुरती आत्तंगुडीची फरशी सांगून ठेवली. मुनीश्वरन कोविल रस्त्यावरून बाईंनी एकच वस्तू घेतली. पोहे ठेवण्याजोगा, निळ्या फुलांचा, झाकणाचा एनॅमलचा डबा. संध्याकाळी रामेश्वरच्या गाडीत बसल्यावर त्यांनी नकाशा काढला, दिवाणखान्याच्या मधोमध पेन्सिलीने केलेली झुंबराची खूण खोडली आणि तिथे लिहिले, ‘पंखा’.