वडसा ते सेवाग्राम : एका मास्तरांच्या पत्रामागे

वडसा स्टेशनबाहेर नाटकांच्या फलकांची गर्दी. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकमंडळांचा कारभार इथूनच चालतो. दिवाळी सरली की गावोगावी रात्रभर नाटकं. गाडी सुटते, वैनगंगेचा पूल लागतो, पलीकडे ब्रह्मपुरी, नागभीड, मूल. बल्लारशाला गाडी बदलली की वरोरा, हिंगणघाट आणि सेवाग्राम.

बापूकुटीत लोक चटई आणि चरखा पाहतात. मी गेलो होतो एका लेखासाठी. 20 नोव्हेंबर 1938ला गांधीजींनी तो याच गावी लिहिला. गाव तेव्हा शेगाव होतं. गजानन महाराजांच्या शेगावशी टपालाचा घोळ व्हायचा म्हणून 1940मध्ये ते सेवाग्राम झालं. जर्मनीत ज्यूंची दुकानं फोडून सिनेगॉग जाळल्याला जेमतेम दहा दिवस झाले होते. गांधीजींनी ज्यूंना सल्ला दिला : सत्याग्रह करा, देश सोडू नका, मरण आलं तरी हसत स्वीकारा.

उत्तर आलं जेरुसलेमहून, 24 फेब्रुवारी 1939चं. लिहिणारे ज्यू तत्त्वज्ञ मार्टिन बुबर. फ्रँकफर्ट विद्यापीठातली प्राध्यापकी त्यांना 1933मध्ये सोडावी लागली. शाळा-कॉलेजांची दारं ज्यूंना बंद होत होती, तेव्हा ते आपल्या माणसांसाठी प्रौढशिक्षणाचे वर्ग उभे करत फिरले. 1935मध्ये त्यांच्या जाहीर भाषणांवर बंदी आली, 1938च्या मार्चमध्ये त्यांनी देश सोडला. नोव्हेंबरच्या त्या हल्ल्यांत हेपेनहाइमच्या त्यांच्या घरातली पुस्तकंही गेली. गांधीजींना मानणारा हा माणूस विचारत होता : दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी माणसांचे हाल आणि छळछावणी एकच का? जिथं साक्षीला कुणी नाही, तिथं हौतात्म्य कुणापर्यंत पोचणार?

गांधीजींना हे जग अगदीच परकं नव्हतं. बर्लिनच्या ज्यू शिक्षिका मार्गारेट श्पीगेल नाझी राजवट आल्यावर त्यांच्याकडेच आल्या होत्या. गांधीजींनी त्यांना ‘अमला’ म्हटलं. जोहान्सबर्गचे ज्यू कालेनबाख तर जुने सोबती, शेगावलाही येऊन गेलेले. तरीही सल्ला तोच राहिला. बुबर यांच्या पत्राला गांधीजींनी उत्तर दिल्याची नोंद मिळत नाही.

गांधीजींबद्दलचा आदर जराही कमी न करता म्हणतो, या वादात बुबर मास्तरांचं म्हणणं खरं होतं. सेवाग्रामला जाल तेव्हा तो लेख वाचून जा, आणि बुबर यांचं पत्रही.