अम्मीच्या पानदानातले जायफळ

आमच्या अम्मीच्या पानदानात एक जायफळ आहे. त्याला वास नाही, ते किसले जात नाही, आणि इतक्या वर्षांत संपलेलेही नाही. समुद्रपूर तालुक्यातल्या गिरडच्या टेकडीवरून, ख्वाजा शेख फरीद बाबांच्या दर्ग्याची जियारत करून परतताना तिने ते उचलून आणले होते. कथा वर्धा जिल्ह्यात सर्वांना ठाऊक आहे. माल घेऊन जाणाऱ्या व्यापाऱ्यांनी बाबांची चेष्टा केली आणि त्यांचा सारा माल दगड होऊन टेकडीवर सांडला. इंग्रजांच्या गॅझेटियरातही ही कथा नोंदलेली आहे.

आम्ही उर्दू शाळेत सायन्स शिकवतो. सातवीच्या एका मुलीने भर वर्गात विचारले, "ते खरंच जायफळ होतं का?" पुढच्या तासाला सांगू, म्हणून आम्ही वेळ मारून नेली. बी.एड.ला पाठ कसा घ्यावा हे शिकवतात. ज्याच्या उत्तराने निम्म्या मुलांची घरे दुखावतील अशा प्रश्नाचे काय करावे, हे नाही.

पुस्तके धुंडाळली. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थर पसरले. त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि लाव्हा थिजल्यावर त्यांच्या पोकळ्या राहिल्या. पुढे झिरपणाऱ्या पाण्याने त्या पोकळ्यांत खनिजे साठवली. वरचा काळा दगड झिजून आपली कपाशीची काळी माती झाली, आणि पोकळ्यांतले भरण गोट्यांसारखे सुटे झाले. यातल्या एका खनिजगटाला स्वीडनच्या क्रोनस्टेटने 1756 मध्ये जिओलाइट, म्हणजे उकळणारा दगड, असे नाव दिले. तापवले की त्यातले पाणी वाफ होऊन निघते.

तापवून पाहावे, असे आम्हाला वाटले. अम्मी भडकली. "तौबा! बाबा के यहाँ की चीज़ चूल्हे पे रखोगे?"

तेव्हा अल-बिरूनी आठवला. हजार वर्षांपूर्वी या माणसाने रत्ने न फोडता, न तापवता, त्यांनी बाजूला सारलेले पाणी मोजून त्यांची पारख केली होती. याला अम्मीची हरकत नव्हती. पाण्याला काय, वुजूलाही तेच लागते!

स्वयंपाकघरातल्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवला. दगड आधी नुसता तोलला, 46 ग्रॅम. मग दोऱ्याने पाण्यात असा लोंबकळवला की तो तळाला टेकणार नाही. काटा 20 ग्रॅमने वाढला. 46 भागिले 20, म्हणजे 2.3. शेतातला काळा दगड आणला, तो 2.9 च्या आसपास भरला. जिओलाइट साधारण 2 ते 2.4 मध्ये असतात. एवढ्यावरून खनिजाचे नाव पक्के होत नाही, पण तो काळा दगड नव्हे हे नक्की.

वर्गात आम्ही कथाही सांगितली आणि आकडेही लिहिले. ते कधीच जायफळ नव्हते, हे स्पष्ट म्हटले. आवाज थोडा कापला असेल. त्याच मुलीचा हात पुन्हा वर. "बुडबुडा गोल असतो, मग हा लांबट का?" वाहत्या लाव्हात बुडबुडाही ताणला जातो, असे आम्ही सांगितले. हे उत्तर देताना जी मौज वाटली, ती पगाराच्या दिवशीही वाटत नाही.

अम्मीला हे सांगायला मात्र दोन दिवस लागले. तिने सुपारी कातरता कातरता ऐकून घेतले.

"हमने कब उसको खाने के वास्ते रखा था?" असे म्हणून तिने दगड ओढणीला पुसला आणि पानदानात ठेवून दिला.