राहून गेलेली मोजणी

अमरावतीत पत्ता सांगायचा तर टॉकीजचं नाव घ्यावं लागतं. राजकमल चौक, श्याम चौक, चित्रा चौक, सरोज चौक, प्रभात चौक. ज्यांनी आयुष्यात चार सिनेमे पाहिले नसतील, तेही रोज सिनेमांच्या नावांवरून ये-जा करतात. गावाचा सिनेमाशी धंद्याचाही संबंध होता. सी. पी. बेरार सर्किटमध्ये चित्रपट वाटणारी बरीच कार्यालयं इथे होती आणि त्यातल्या एकात माझे वडील नोकरीला होते.

बाबांचं काम तसं रुक्ष. पिक्चरच्या पेटीमागोमाग अकोला, मूर्तिजापूर, कारंजा, दर्यापूर असं एसटीनं फिरायचं. खेळ सुरू झाला की अंधारात उभं राहून बसलेली डोकी मोजायची आणि ती विकलेल्या तिकिटांशी जुळतात का ते पाहायचं. प्रेक्षकांची डोकी मोजायची तर पडद्याकडे पाठ करावी लागते. त्यामुळे हजारो खेळांना हजर असलेल्या या माणसानं पूर्ण पाहिलेले सिनेमे मोजकेच होते. घरी ते सिनेमाबद्दल बोलत तेही आकड्यांतच. हा दोन आठवडे चालला, तो शुक्रवारीच बसला.

१९९८च्या पावसाळ्यात ते अकोल्याहून उशिरा घरी आले. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा. जेवताना म्हणाले, ‘‘पोट्ट्या, तो ‘सत्या’ पाहून घेजो. माहं मोजनंच राहून गेलं आज.’’ आमच्या घरात ही फार मोठी बातमी होती. एखादा सिनेमा पाहा असं त्यांनी मला त्याआधी कधी सांगितलं नव्हतं, नंतरही नाही.

दुसऱ्याच दिवशी मी गेलो. आम्हा वऱ्हाडातल्या मुलांना अंडरवर्ल्ड म्हणजे पेपरातली बातमी. आदल्याच वर्षी, ऑगस्टमध्ये, गुलशन कुमारांचा खून झाला होता आणि तेवढ्यापुरती मुंबई जवळ आली होती. राम गोपाल वर्माच्या या सिनेमात मात्र गुंड बायकोशी भांडत होते, जेवत होते, पावसात भिजत होते. मनोज बाजपेयीचा भिकू म्हात्रे आमच्या गल्लीतल्या कुणाचाही थोरला भाऊ शोभला असता. भाऊच्या घरी, आनंदाचा प्रसंग चालू असताना, तो एका गोळीत संपतो, तेव्हा माझ्यापुढच्या रांगेतला एक माणूस नुसताच उभा राहिला. मागून कुणी ‘‘बस ना बे’’ म्हणून ओरडलं नाही. बाबांची मोजणी कुठे राहिली असेल, ते मला तिथे कळलं.

पुढे मी पुण्याला गेलो आणि वर्माचा वकील झालो. ‘कंपनी’ (२००२), ‘सरकार’ (२००५) इथवर वकिली सोपी होती. २००७मध्ये ‘राम गोपाल वर्मा की आग’ आला, तेव्हा मित्रांनी मला आठवडाभर छळलं. तरी मी दर सिनेमाला पहिल्या दोन-तीन दिवसांत जात राहिलो. या वेळी जमेल, असं दर वेळी वाटायचं.

मे २०१२मध्ये अकोल्याला नात्यातलं लग्न होतं. बाबा निवृत्त झाले होते. पेट्याही संपत आल्या होत्या, सिनेमा उपग्रहावरून उतरायला लागला होता. अकोल्याचं ते ऊन, रस्त्यावर कुत्रंही नाही. लग्न लागलं, जेवणं झाली आणि परतीच्या गाडीला चार तास होते. मी म्हणालो, ‘‘बाबा, वर्माचा नवा आलाय, येता का?’’ ते आले, ते बहुधा थंडाव्यासाठी.

सिनेमा होता ‘डिपार्टमेंट’. अमिताभ बच्चन, संजय दत्त, राणा दग्गुबाती. पात्रांची नावं सर्जेराव गायकवाड, महादेव भोसले, अशी अस्सल. पण त्या नावांमागे ना घर दिसलं ना गाव. सर्जेरावाच्या हाताला घंटी बांधलेली, म्हणून तो लक्षात राहायचा. छोट्या डिजिटल कॅमेऱ्यांमुळे वर्माला कुठेही शिरता येत होतं आणि तो शिरतही होता: चहाच्या कपाशी, टेबलाखाली, लोकांच्या पायांमधून. माणूस बोलत असायचा आणि कॅमेरा त्याच्याभोवती माशीसारखा फिरायचा.

अर्ध्या तासानं मी शेजारी पाहिलं. बाबा खुर्चीत मागे वळून बसले होते. ओठ हलत होते.

‘‘सत्तावीस,’’ ते म्हणाले. मध्यंतरानंतर पुन्हा वळले. ‘‘एकोणीस. आपल्याले धरून.’’

परतीच्या एसटीत मी चिडलो. त्यांच्यावरच. म्हणालो, तुम्ही नीट पाहिलाच नाही. मग ‘सत्या’ कसा झाला ते सांगत सुटलो. अनुराग कश्यप, सौरभ शुक्ला, बाजपेयी यांना तेव्हा कोण ओळखत होतं? वर्मा स्वतः हैदराबादेत व्हिडिओ लायब्ररी चालवून आलेला, मुंबईला नवखा. नवख्या माणसांनी नवखं शहर डोळे फाडून पाहिलं, म्हणून तो झाला. बोलता बोलता माझ्याच लक्षात आलं, की मी वर्माच्या विरुद्ध साक्ष देतोय. आता त्याला कुठेही शिरता येत होतं, पण आत कोण राहतं याचं कुतूहल उरलं नव्हतं.

आणि मला राग कशाचा होता? बाबांनी मला दिलेला तो एकच सिनेमा. दर फसलेल्या चित्रपटागणिक कुणीतरी ती जेवणावेळची संध्याकाळ खोटी ठरवतंय, असं मला चौदा वर्षं वाटत आलं होतं. म्हणून ती वकिली.

हे मी त्यांना सांगितलं नाही. मूर्तिजापूर गेल्यावर तेच म्हणाले, ‘‘त्या दिवशी माही मोजणी राह्यली, थे खरं आहे ना? मंग आता त्याचे शंभर पडले तरी थे बदलते काय? कायले तोंड पाडून बसला?’’

‘सत्या’ जानेवारी २०२५मध्ये पुन्हा थिएटरांत लागला. तो इतक्या वर्षांनी पाहताना आपण रडलो, यशाची नशा चढल्यामुळे आपली दृष्टी हरवली, असं वर्मानं जाहीरपणे लिहिलं. मी पुण्यात जाऊन सिनेमा पाहिला आणि रात्री अमरावतीला फोन करून बाबांना ते सगळं वाचून दाखवलं.

‘‘रडला म्हनते?’’ बाबा म्हणाले. थोडा वेळ थांबले. ‘‘बरं, लोक किती होते?’’

मी मोजले नव्हते.