सरासरीतला पाऊस

सातारा जिल्ह्याच्या सरासरी पावसाचा आकडा दरवर्षी पेपरात येतो आणि दरवर्षी मला तो खटकतो. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून सरळ रेषेत शंभरेक किलोमीटरवरच्या दहिवडीत पाचशे झाला तरी साल बरं गेलं म्हणायचं. या दोघांची सरासरी काढून कुणाचा हंडा भरणार?

आई महाबळेश्वराकडच्या जावळीत वाढली आणि दहिवडीकडच्या माणात नांदली. माहेरी आषाढ-श्रावणात उघडीप म्हणून नसायची. लुगडी चुलीच्या वर वाळवायची, त्यामुळे सणाच्या लुगड्यालाही धुराचा वास. उतरतं कौलारू छप्पर, दारापुढे भाताची खाचरं, वरच्या अंगाला नाचणी. सासरी मात्र सपाट माळवद. मृगाआधी त्यावर पांढरी माती पसरून चोपायची आणि मग नुसती वाट बघायची. आषाढात माणात वारा सुटतो. ढग डोक्यावरून पूर्वेला पळत राहतात, बाजरीसाठी तिफण तयार असते आणि थेंब उतरत नाही. अरबी समुद्रावरचं बाष्प सह्याद्री चढताना गार होतं आणि घाटमाथ्यावरच कोसळतं. पलीकडे उतरणारा वारा तापत, कोरडा होत येतो. त्याच आठवड्यात तिकडची आजी ‘आता उघडू दे रे बाबा’ म्हणून देवाला हात जोडायची आणि इकडची ‘पडू दे’ म्हणून. दोघींचीही काकुळत खरी.

माणाची भिस्त परतीच्या पावसावर. भाद्रपदात तो गडगडत येतो, कधी एका रात्रीत ओढे भरून जातो. तोही हुकला की मेंढरांच्या चाऱ्यासाठी बिऱ्हाड पाठीवर घेऊन माणसं मुलूख सोडतात.

माणगंगा भीमेला मिळते आणि भीमा रायचूरजवळ, महाबळेश्वराकडून येणाऱ्या कृष्णेला. एकाच जिल्ह्यातल्या या दोन टोकांच्या पाण्याची गाठ पडायची ती थेट कर्नाटकात! आता जिहे-कठापूर योजनेतून कृष्णेचं पाणी उपसून माणात, आंधळीच्या तलावात आणलं आहे. मला त्याचा मनापासून आनंद आहे. ज्यानं आईला मैलभरावरून हंडा आणताना पाहिलंय, त्याला तो होणारच. पण माणात पाणी पोचलं की नाही, हे तलावाच्या काठावर उभं राहून ठरवू नका. कालव्याच्या टेलच्या शेतकऱ्याला विचारा, यंदा किती आवर्तनं मिळाली आणि त्यावर बाजरी निघाली का.