मधुबनची काठी

झारखंडमधील पारसनाथ डोंगराच्या पायथ्याशी मधुबन वसलेले आहे. चोवीसपैकी 20 तीर्थंकरांची निर्वाणभूमी असलेल्या सम्मेदशिखरजीची वंदना येथूनच सुरू होते. 9 किलोमीटरची चढण, वर टोंकांच्या दर्शनाचा तेवढाच फेरा आणि पुन्हा तितकीच उतरण. मध्यरात्रीनंतर यात्रेकरू धर्मशाळांतून बाहेर पडतात, त्यांतील कित्येक अनवाणी. अंधारातच ते बांबूची एक काठी विकत घेतात. कापडाचा पोत नि धान्याचा दाणा बोटांनी पारखणारी ही मंडळी काठी मात्र न पाहताच उचलतात. भावाची घासाघीस तेवढी विसरत नाहीत.

वास्तविक त्या काठीत पारखण्यासारखे पुष्कळ असते. उत्तम काठी जवळजवळ भरीव अशा बांबूची होते. आपल्याकडे त्याला मानवेल म्हणतात. कोवळ्या बांबूला कीड लवकर लागते. म्हणून जाणता कारागीर पक्व बांबूच निवडतो, तोही पावसाळा सरल्यावर तोडलेला, आणि सावलीत वाळवतो. जीवरक्षेची चाड असणाऱ्या श्रावकाने एवढे तरी विचारून घ्यावे.

बांबू सहसा सरळ नसतो. वाक असेल तेथे तो निखाऱ्यांवर फिरवत शेकतात, मऊ पडला की गुडघ्यावर किंवा खाचेत दाबतात आणि निवेपर्यंत तसाच धरून ठेवतात. आच अधिक झाली तर साल काळवंडते. कमी पडली तर वाक परत येतो. मग पेरांवरचे कंगोरे तासून काठीवरून हात अडखळल्याविना फिरेल असे करतात. खरे कसब मात्र खालच्या टोकाशी. तेथला छेद पेराच्या लगेच खाली घ्यावा लागतो, कारण पेराशी बांबू आतून बंद असतो. दोन पेरांच्या मध्ये कापलेली काठी दगडावर आपटून उभी चिरते.

आणि चिरते तीही बहुधा उतरणीवर. चढताना काठी नुसती सोबत करते. पार्श्वनाथांच्या टोंकावरचे दर्शन आटोपून, उपाशीपोटी, उन्हातून उतरताना वृद्ध गुडघ्यांचा सारा भार तिच्यावर येतो. यासाठीच ती छातीइतकी उंच हवी. पुढच्या, खालच्या पायरीवर ती टेकताना हात वर सरकवायला जागा राहते.

दुपारी परतलेल्या यात्रेकरूंच्या काठ्या धर्मशाळेच्या भिंतीला टेकून उभ्या असतात. काहींची टोके कुंच्यासारखी पिंजलेली. काही पहाटे होत्या तशाच.