औषधांचा औसत

आमच्या उर्दू शाळेत सरासरीला ‘औसत’ म्हणतात. सातवीच्या मुलांना तो चटकन जमतो. सगळ्यांची बेरीज करा, जितके आकडे तितक्याने भागा, झाले. आपल्या देशात जीवनावश्यक औषधांची कमाल किंमतही अशीच काढतात, असे मी वर्गात सांगितले तेव्हा एका मुलीने विचारले, “बाजी, मग सगळ्यांनीच भाव जास्त लावला तर?”

या प्रश्नाचे उत्तर पाठ्यपुस्तकात नाही.

माझ्या अम्मीला दहा वर्षांपासून मधुमेह आणि रक्तदाब आहे. दर महिन्याच्या पगारातून पहिली रक्कम बाजूला निघते ती मेडिकलवाल्याची. एकदा त्याने सहज दाखवले, रक्तदाबाची तीच गोळी, तेच घटक, तितक्याच मिलिग्रॅमची, पण दुसऱ्या कंपनीची, एक तृतीयांश किमतीला. मी म्हटले, “भाई, मग हीच द्या ना.” तो म्हणाला, “मॅडम, चिठ्ठीवर हे नाव नाही. मला बदलता येत नाही.” तो बरोबर होता. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत अशा औषधांच्या बाबतीत, घटक तेच असले तरी चिठ्ठीतल्या नावाऐवजी दुसरे औषध देण्यास 1945 च्या औषध नियमांत मनाई आहे.

साडी घ्यायची तर मी चार दुकाने फिरते, घासाघीस करते, नाही पटले तर उठून येते. गोळीच्या बाबतीत निवड करतो एक आणि पैसे मोजतो दुसरा. ज्याला मोजायचे त्याला चिठ्ठीवरचे अक्षरही वाचता येत नाही. मग कंपनीने रुग्णाला खूश ठेवायचे की निवड करणाऱ्याला? डॉक्टरांना दिलेल्या भेटवस्तूंचा खर्च दाखवून औषध कंपन्यांना करात सवलत घेता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाला 2022 मध्ये द्यावा लागला, यावरून काय ते समजावे.

आता औसताकडे येते. 1995 च्या औषध किंमत नियंत्रण आदेशात किमतीचा पाया उत्पादन खर्च हा होता. बनवायला किती लागले ते पाहायचे, त्यावर विक्रीखर्च आणि नफा मिळून जास्तीत जास्त 100 टक्के धरायचे. 2013 च्या आदेशाने ही पद्धत बदलली. ज्या कंपन्यांचा बाजारातला वाटा किमान 1 टक्का आहे, त्यांच्या भावांची सरासरी काढायची आणि त्यावर दुकानदाराचे 16 टक्के. फळ्यावर मी मनाने चार आकडे लिहिले, 10, 20, 40 आणि 90. औसत आला 40. त्यात 16 टक्के मिळवले, 46 रुपये 40 पैसे. गोळ्या बनवायला सहा रुपये लागोत की सोळा, या हिशोबात तो आकडा कुठेच येत नाही. 90 वाल्याने मात्र सगळ्यांचा औसत वर ओढला. त्या मुलीचा प्रश्न नेमका इथेच होता.

एक गोष्ट मान्य केली पाहिजे. जुन्या आदेशात फक्त 74 मूळ औषधे होती आणि कंपन्या त्यांतून पळवाटा काढत. नव्या आदेशाने जीवनावश्यक यादीतली सगळीच औषधे नियंत्रणाखाली आणली. जाळे मोठे केले, पण भोकेही मोठी केली!

धोरण बदलले की भाव बदलतो, हे आपल्याच देशाने जगाला दाखवले आहे. 1970 च्या पेटंट कायद्याने औषधावरचे पेटंट काढून फक्त बनवण्याच्या कृतीवर ठेवले. त्यामुळेच मुंबईत 1935 मध्ये ख्वाजा अब्दुल हमीद यांनी उभ्या केलेल्या सिप्लाला 2001 मध्ये, त्यांचे चिरंजीव युसूफ हमीद यांच्या काळात, एड्सची औषधे वर्षाला 350 डॉलरमध्ये देऊ करता आली. तोवर याच औषधांना वर्षाला दहा हजार डॉलरहून अधिक पडत होते. 2005 पासून जागतिक व्यापार कराराप्रमाणे औषधांवर पुन्हा पेटंट आले. तरी कायद्यात सक्तीच्या परवान्याची सोय राहिली. 2012 मध्ये पेटंट नियंत्रक पी. एच. कुरियन यांनी बायरच्या कर्करोगावरील ‘नेक्साव्हर’साठी हैदराबादच्या नॅटको कंपनीला तो दिला. महिन्याचा 2 लाख 80 हजारांचा खर्च 8,800 रुपयांवर आला. औषध तेच. मग मधले 2 लाख 71 हजार कशाचे होते? संशोधनाला पैसा लागतो, हे कोण नाकारील? पण रुग्णाला परवडतच नसेल तर ते संशोधन कोणाच्या कामाचे?

आपल्याकडे 2008 पासून जनऔषधी दुकाने आहेत, स्वस्तही आहेत. पण चिठ्ठीवर कंपनीचे नाव असले की माणूस तिथून परत फिरतो. ऑगस्ट 2023 मध्ये डॉक्टरांनी औषधाचे मूळ नावच लिहावे असा सक्तीचा नियम आला आणि तीन आठवड्यांत स्थगित झाला. स्वस्त गोळीच्या दर्जाची खात्री कोण देणार, असा डॉक्टरांचा सवाल होता. सवाल खोटा नाही. पण दर्जा तपासणे हे सरकारी खात्याचे काम आहे. ते नीट होत नाही म्हणून दंड रुग्णाने का भरावा?

आमच्या सोलापुरात हा दंड कसा भरतात ते पालकसभेत कळते. एका मुलाचे अब्बा टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर आहेत. मी तब्येत विचारली तर म्हणाले, “गोळी एक दिवसाआड घेतो, बाजी. पट्टी महिनाभर पुरवायची असते.” हिशोब त्यांचाही पक्का होता. रक्तदाबाला मात्र एक दिवसाआड सुट्टी नसते.

स्थगितीनंतर जुने नियम पुन्हा लागू झाले. डॉक्टरांनी औषधाचे मूळ नाव सुवाच्य, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावे, हे त्यांत 2016 पासून आहेच. पालकसभेत मी ही गोष्ट उर्दूत आणि मराठीत फळ्यावर लिहून ठेवते. काही पालक ती उतरवून घेतात. काही विचारतात, “डॉक्टरसाहेबांना हे सांगायचे कसे? ते रागावले तर?”